शमीची सावली

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात गेली सव्वीस वर्षे माझा दवाखाना आहे. राहतो बदलापूरला, रोज लोकलने जातो-येतो, वाटेत अंबरनाथ लागते. या तीन गावांच्या टापूत पाऊस धो धो पडतो. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाणी आकाशातून उतरते. २००५ आणि २०१९ सालच्या जुलैमधील उल्हास नदीचे पूर आमच्यापैकी कोणी विसरलेले नाही. अशा ओल्या मुलखातील डॉक्टरने वाळवंटावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु मला वाळवंटाकडे पाठवले ते माझ्याच एका रुग्णाने, आणि त्यामागे माझीच एक चूक होती. म्हणून आधी ती सांगितली पाहिजे.

२०१८च्या एप्रिलअखेरची दुपार. सगळे ज्यांना ‘अम्मा’ म्हणत, त्या त्र्याऐंशी वर्षांच्या आजींना त्यांच्या नातवाने रिक्षात घालून आणले. आजी असंबद्ध बोलत होत्या, नातवाला ओळखत नव्हत्या. घरच्यांना वाटले, अर्धांगाचा झटका आला. मी तपासले तो हातापायांत बळ सारखेच होते. जीभ मात्र कोरडीठाक, आणि रक्तदाब फार खाली गेलेला. रुग्णालयात दाखल केल्यावर रक्ताचा अहवाल आला. सोडियम ११८. निरोगी माणसाचे ते १३५ ते १४५ या मर्यादेत असते. मूत्रपिंडावरही ताण आलेला होता.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. दिवाळीनंतर मीच त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू केली होती. मीठ कमी करा, असेही सांगितले होते. अम्मांनी तो सल्ला इतका मनावर घेतला, की मीठ घातलेले ताकसुद्धा सोडले. थंडीत योग्य असलेली ती गोळी चैत्रातही तशीच चालू राहिली. पत्र्याखालच्या त्या खोलीत घामावाटे मीठपाणी जात होते, गोळीमुळे लघवीवाटे जात होते, आणि भरून काढायला काहीच नव्हते. ऋतू बदलला, मी लिहिलेली चिठ्ठी बदलली नाही.

सुदैवाने चार दिवसांत अम्मा बऱ्या झाल्या. घरी भेटायला गेलो तेव्हा रागावल्या नाहीत. आमचे बोलणे सिंधीमिश्रित हिंदीत चाले. त्या म्हणाल्या, “पुट, आमच्याकडे वैशाखात उंटालासुद्धा मीठ चाटवतात. तू मला बिनमिठाची ठेवलीस.”

‘पुट’ म्हणजे सिंधीत मुलगा. आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे उमरकोटजवळचे एक खेडे, थरच्या वाळवंटाच्या काठावरचे.

छावणीतून झालेले शहर

उल्हासनगरचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली, आणि नदीच्या नावावरून तिचे नाव उल्हासनगर झाले. छावणीच्या खुणा आजही एक ते पाच नंबरांच्या कॅम्पांच्या रूपाने टिकून आहेत.

बहुतेक कुटुंबे सिंधच्या शहरांतली. अम्मांचे घराणे मात्र वाळवंटाच्या काठचे. बारा वर्षांच्या असताना मीरपूरखासहून वाळवंट ओलांडणाऱ्या रेल्वेने त्या मुनाबाव-बाडमेरमार्गे जोधपूरला आल्या, आणि पुढे कल्याणला. वाळवंटाची त्यांची आठवण एका झाडापाशी येऊन थांबे. “अंगणात कंडी होती. वैशाखात सगळी झाडं मरगळायची, तेव्हा तिला नवी पालवी यायची. आम्ही पोरं, शेळ्या, कोंबड्या, सगळे तिच्याखाली. सत्तर वर्षांत कंडी पाहिली नाही.” मग मला म्हणाल्या, “तू फिरतोस ना? पाहून ये.”

सीमेपलीकडच्या उमरकोटला जाणे माझ्या हातात नव्हते. पण तोच थर सीमेच्या अलीकडेही आहे. किंबहुना त्याचा मोठा हिस्सा भारतातच, प्रामुख्याने राजस्थानात आहे. २०१९च्या मार्चमध्ये मी आणि पत्नी वांद्र्याहून रेल्वेने जोधपूरला निघालो.

ओसाड नव्हे, काटकसरी

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. जोधपूरहून पोखरणमार्गे जैसलमेरला जाताना हा समज पहिल्याच दिवशी मोडला. रस्त्याच्या दुतर्फा मुरमाड माळ, खुरटे गवत, काटेरी झुडुपे आणि मधूनच केशरी-पिवळ्या फुलांनी लगडलेला रोहिडा. टेकड्या आहेत, पण वाळवंट ठरते ते वाळूवरून नव्हे, पाण्यावरून. वर्षाला साधारण अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस आणि त्याच्या कितीतरी पट बाष्पीभवन, ही वाळवंटाची खूण. जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. बदलापूरला आषाढातल्या एखाद्या दिवशी तेवढा कोसळतो. वाटेवरून थोड्या अंतरावर असलेल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. भारतातील तो उच्चांक होता.

तरीही हा प्रदेश ओसाड नाही. माणसांनी इतक्या दाट वस्तीने राहावे अशी वाळवंटे जगात फार थोडी आहेत. इथले जीव उष्णतेशी झुंजतात, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात पाहिले ते वेगळे. इथे कोणी झुंजत नाही. सगळे हिशेब करतात.

जैसलमेरच्या पश्चिमेला एका उंटपाळाने आम्हांला दोन दिवस सोबत केली. त्याच्या उंटिणीकडे मी डॉक्टरच्या नजरेने पाहत होतो. उंटाच्या मदारीत पाणी नसते. तिथे चरबीचा साठा असतो. चरबी एका ठिकाणी साठल्यामुळे बाकीच्या अंगावर तिचे पांघरूण होत नाही आणि उष्णता बाहेर पडते. पण खरी किमया आतली आहे. आपल्या शरीराचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढले की आपण अंथरूण धरतो. तहानलेला उंट मात्र पहाटे ३४ अंशांवर असतो आणि दुपारी ४१ पर्यंत निश्चिंतपणे चढू देतो. दिवसभराची उष्णता अंगात साठवून रात्रीच्या गार हवेत सोडून द्यायची, म्हणजे तेवढा घाम गाळावा लागत नाही. मोठ्या उंटाचे यातून दिवसाला चार-पाच लिटर पाणी वाचते. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के पाणी गेले तर माणसाचा जीव धोक्यात येतो. उंट पंचवीस टक्के गमावूनही चालत राहतो. आणि पाणी मिळाले की काही मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊन टाकतो. आपल्या रक्तात एवढे पाणी एकदम मिसळले तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. उंटाच्या तांबड्या पेशी लंबगोल आणि चिवट असतात, त्या टिकतात.

मी त्याला मिठाबद्दल विचारले. तो हसून म्हणाला, “मीठ तर लागतंच, डॉक्टरसाहेब. खारट झुडपं खायला मिळाली नाहीत, तर हातानं द्यावं लागतं.” अम्मांचा टोला मला दुसऱ्यांदा बसला.

लहान जीवांचा हिशेब आणखी वेगळा. वाळूतले उंदीर दिवसभर बिळात असतात. वरची वाळू पाय भाजून काढत असताना हात-दोन हात खोलवर गारवा असतो, आणि श्वासातली वाफ बिळातच राहिल्याने हवाही दमट असते. चिंकारा कित्येक दिवस पाणवठ्यावर जात नाही. पाला आणि पहाटेचे दव यांवर भागवतो. सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा ऊन चढताच बिळात शिरून तोंड मातीने बंद करून घेतो. याच बिचाऱ्या सांड्याचे तेल सांधेदुखीवर आणि अशक्तपणावर म्हणून रस्त्याकडेला विकले जाते. त्याला वैद्यकीय आधार काहीही नाही. प्राणी मात्र हाल होऊन मरतो, आणि त्याची शिकार कायद्याने गुन्हा आहे. वाचकांनी या तेलाच्या वाटेला जाऊ नये.

सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये माळढोक दिसेल अशी आशा होती. दिसला नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली याच पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. तिथेही तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. साऱ्या देशात त्यांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली आहे. मादी बहुधा एकच अंडे घालते, आणि हा जडशीळ पक्षी उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. हजारो वर्षे उन्हाला पुरून उरलेला जीव आपल्या तारांपुढे हरतो आहे.

थेंबाची व्यवस्था

माणसांनीही इथे तोच हिशेब शिकून घेतला. घराशेजारी जमिनीत बांधलेला ‘टांका’ असतो. त्याच्याभोवतीच्या उताराला ‘आगोर’ म्हणतात. पावसाचे पाणी त्यावरून टाक्यात उतरते. आगोर झाडून स्वच्छ ठेवतात आणि तिथे चपला घालून जात नाहीत. काही ठिकाणी ‘बेरी’ असते. वाळूखालच्या खडूसारख्या थरावर अडलेला ओलावा या अरुंद विहिरीत थेंबथेंब झिरपतो. जैसलमेरच्या पालीवालांनी काही शतकांपूर्वी रूढ केलेली ‘खडीन’ तर पाहतच राहावी. खडकाळ माळावरचे पाणी मातीच्या बांधाने सखल शेतात अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात पावसाशिवाय गहू-हरभरा काढायचा. या साऱ्या ज्ञानावर अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ हे सुंदर पुस्तक लिहिले आहे; हिंदी वाचता येणाऱ्या प्रत्येक घरात ते असावे.

इंदिरा गांधी कालव्याने अलीकडे पुष्कळ पाणी आणले. त्याने सुबत्ता आली, पण पाझरलेल्या पाण्याची डबकीही आली, आणि डासही. १९९४ साली पश्चिम राजस्थानात हिवतापाची मोठी साथ आली, तिच्यामागे त्या वर्षीच्या भरपूर पावसाबरोबर हेही एक कारण होते. पाणी आले म्हणजे आरोग्य आले, असे नव्हे. पाणी वागवता आले पाहिजे.

जेवणातही तीच शहाणीव. बाजरीची भाकरी, तूप, ताकात शिजवून आंबवलेली राबडी, आणि वाळवून ठेवलेल्या केर-सांगरीची भाजी. केर हे जवळजवळ पर्णहीन झुडपाचे फळ. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. ताज्या भाजीपाल्याशिवाय महिनोन्‌महिने काढणाऱ्या माणसांना यातून प्रथिने आणि तंतू मिळतात. ताक तर दिवसभर चालूच असते: पाणी, मीठ आणि पोषण एकाच वाडग्यात.

परतताना जोधपूरजवळच्या खेजडली गावी गेलो. १७३० साली इथे महाराजाच्या माणसांनी खेजडीची झाडे तोडायला सुरुवात केली. तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून बिष्णोई समाजाची एकूण ३६३ माणसे झाडांना मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. एका झाडासाठी इतके का, हा प्रश्न तिथे सावलीत उभे राहिल्यावर पडत नाही. खेजडीची मुळे फार खोल जातात. ऐन उन्हाळ्यात ती पालवते. पाला जनावरांना, शेंगा माणसांना, सावली सर्वांना; शेंगवर्गीय झाड असल्याने मुळांपाशी नत्र साठतो आणि तिच्याखाली पीकही चांगले येते.

तिथल्या एका वृद्धाला मी विचारले, सिंधकडे हिला काय म्हणतात? तो म्हणाला, “सिंधी लोक कंडी म्हणतात. तुम्हां मराठी लोकांची शमी ती हीच.”

मी स्तब्ध झालो. शमी! पांडवांनी जिच्या ढोलीत शस्त्रे ठेवली ती, गणपतीला जिची पत्री वाहतो ती, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. आणि माझ्या बदलापूरच्या अंगणात, तुळशीपलीकडे, आईने पूजेसाठी लावलेली शमी वीस वर्षे उभी होती. अम्मांचे वाळवंट शोधायला मी जवळजवळ हजार किलोमीटर गेलो, आणि त्यांचे झाड माझ्या दारात होते.

ओल्या मुलखाची तहान

घरी आल्यावर आधी शमीची पाने आणि काटे नीट ताडून पाहिले, कारण बाजारात शमी म्हणून दुसरीही झाडे विकली जातात. आमची खरीच निघाली. दमट हवेत जरा रोडावलेली एवढेच. दुसऱ्या दिवशी एक डहाळी आणि केर-सांगरीची पुडी घेऊन अम्मांकडे गेलो. त्यांनी पाने बोटांत चुरडली, वास घेतला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, “कंडी आहे. पाण्यात ठेव.”

त्या उन्हाळ्यात मी दोन हिशेब मांडले. पहिला पाण्याचा. बदलापुरातल्या शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाला सुमारे अडीच लाख लिटर पाऊस पडतो. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर चौघांच्या कुटुंबाला वर्षाला दोन लाख लिटरही लागत नाहीत. जैसलमेरच्या तेवढ्याच छपरावर वीस हजार लिटरही पडत नाही, आणि तिथे थेंब जपला जातो. आपण मात्र सारे उल्हास नदीच्या वाटेने खाडीला देतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतो. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे. ज्या वालधुनीच्या काठी ते उभारले, तिचे पाणी आज ओंजळीत घ्यावेसे वाटत नाही. असे आगोर कोणत्याही वाळवंटी गावाने सहन केले नसते.

दुसरा हिशेब घामाचा. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचे वारे वाहतात, समुद्राचा वारा आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतो, आणि बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. हवेत दमटपणाही असतो. एक लिटर घाम अंगावरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो उडाला तरच. जैसलमेरला घाम दिसतही नाही, कारण तो लगेच उडतो. अंगरख्यावर फक्त मिठाचा पांढरा थर राहतो. आपल्याकडे घाम ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम अंग गार करीत नाही, केवळ पाणी आणि मीठ नेतो. म्हणून आपले दमट ३८ अंश तिथल्या कोरड्या ४२ अंशांइतकेच जाचक, कधी अधिकच धोक्याचे ठरू शकतात. “आम्हांला सवय आहे,” या बोलण्यावर विसंबू नये.

मग करायचे काय? वाळवंटातले सारे जीव जे करतात तेच. अवजड काम सकाळी अकराच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. पत्र्याच्या छपरावर पांढरा रंग किंवा वर झावळ्यांची सावली. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी. विशेषतः सत्तरीपुढच्या माणसांना, कारण वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. लघवी गडद पिवळी झाली की शरीर पाणी मागते आहे, असे समजावे. घाम फार गेला असेल तर नुसते पाणी पुरत नाही. ताक, पेज, कोकम सरबत किंवा ओआरएस घ्यावे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असाल, तर मीठ आणि पाणी किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत. आणि उन्हातला माणूस बरळू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

यातले बरेचसे अम्मांच्या घरात आधीपासून होते. बडीशेप, खसखस आणि मगजबिया वाटून केलेली थादल, पहाटेच उरकलेला स्वयंपाक, दुपारी ओल्या चादरीचा पडदा. हे शहाणपण त्यांनी गाडीतून गाठोड्यात बांधून आणले होते. मी त्यांना पथ्य सांगितले. त्या काय खातात, काय पितात, कुठे झोपतात, हे विचारले नाही.

अम्मा आता नाहीत. तिसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, वार्धक्याने शांतपणे गेल्या. दरवर्षी फाल्गुन लागला की मी साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी नव्याने वाचतो, लघवीच्या गोळ्यांवर खूण करतो आणि दोन प्रश्न विचारतो: घरावर पत्रा आहे की स्लॅब, आणि दुपारी काय पिता? विचारायला एक मिनिट लागते. अंगणातली शमी यंदाही चैत्रात पालवली आहे.